भोरड्या अजून आल्या नाहीत

कळंबाची वाडी, ता. शहापूर
१९ फेब्रुवारी

ताई,

फोन करणार होते. नंबर लावलाही, पण वाजायच्या आत कापला. तुझा आवाज ऐकला की मला रागावता येत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून लिहायला बसले. सकुबाई शहापुरात लेकीकडं आली आहे, परवा गावाला परत जाईल. तिच्या हाती हे देते. तिला बजावलंय, सरिताच्याच हातात दे, भाऊजींच्या नको.

सकुबाईवर चिडू नको. तिनं मुद्दाम काही केलं नाही. बाजारात माझ्या पाटीपुढं टेकली, शेंगा चाळवल्या आणि सहज म्हणाली, "वैष्णवीच्या साखरपुड्याला का गो आली नाय? दिपिकाला ताप होता म्हने. सरिता सांगत व्हती."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय ते. दिपिकाला कसला ताप? माझी पोरगी धडधाकट आहे, दिवसभर कैऱ्यांमागं झाडावर असते. मी सकुबाईला म्हटलं, हो, ताप होता. का म्हटलं ते मला माहीत नाही. तिच्यासमोर तुला खोटं पाडायला जीभ वळली नाही.

मग विचारलं, "भोरड्या आल्या का गो गावात?"

ती हसली. "कवाच्या आल्या! साखरपुड्याच्या दिवशी सावरीवर असा कलकलाट, का मांडवात पावन्यांचं बोलनं ऐकू येईना."

ताई, तू लेकीचा साखरपुडा लपवलास ते एक. पण भोरड्या लपवल्यास!

मी सुदामशी लग्न केलं तेव्हा बांनी सांगितलं होतं, या घरात चंदाचं नाव घ्यायचं नाही. गावातली पोर आदिवासी वाडीत गेली, ती मेली. आये तर आधीच गेलेली, भाऊजी घरजावई, माझ्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, माहेरचं कुत्रं आलं नाही. आणि माघात नामा कंडक्टर बाजारात मला शोधत आला. म्हणाला, "तुझ्या बहिणीचा निरोप हाय. एवढंच सांग म्हनाली, भोरड्या आल्या."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी मुरबाडला आणि तिथून धसईला आले होते. घरात नाही, बांधावर. सावरीखाली तू उभी होतीस, वैष्णवी तुझा पदर धरून. वरती लाल फुलांत ती पाखरं नुसती भांडत होती, डोक्याला पिवळे पराग माखलेली. आपण लहानपणी बघायचो तशीच. सावर फुलली की एका सकाळी यायची, आठ-पंधरा दिवस मध खायची आणि आपल्या मुलखाला निघून जायची. त्यांना कुणी बोलवत नाही, कुणी हाकलत नाही, असं तू म्हणाली होतीस. आणि मग आपण दोघी रडलो.

तेव्हापासून दरवर्षी. दुसऱ्या लेकींना माहेरचं बोलावणं दिवाळीला येतं, मला भोरड्यांचं यायचं. बांनाही ठाऊक असणार. त्या दिवशी ते बांधाकडं कधी फिरकले नाहीत. ते गेल्यावर तूच मला हाताला धरून घरात नेलंस, ताट वाढलंस. मला वाटलं, संपलं सगळं.

यंदा वालाच्या शेतात होतो सुदाम आणि मी. डोंगराच्या खांद्यावरून एक थवा आला. आधी एवढासा ठिपका, मग कुणी घोंगडी झटकावी तसा पसरला, वळला, आणि वळताना सगळ्यांच्या अंगावरचा गुलाबी रंग एकदमच उन्हात आला. सुदाम म्हणाला, "भोरड्या. तुझ्या गावाकडं चालल्या बघ."

मी तिथूनच तुला फोन लावला. तू म्हणालीस, "नाय गो. सावर फुललीय, पन पाखरू नाय एक."

पुन्हा केला. "अजून नाय आल्या. यंदा काय झालंय कोन जाने. आल्या का मीच सांगते, तू उगाच खेप नको मारू."

मी सुदामला म्हटलं, त्या साळुंक्या असतील. तो म्हणाला, "साळुंक्या अशा उडतात व्हय?" मी त्याच्याशी भांडले, ताई. माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, त्यानं बघितलं होतं, आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवला.

का केलंस, एवढं सांग.

चंदा


२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. फोन आला होता, पण दिपिकानं उचलला आणि तू तिला "अभ्यास कसा चाललाय" विचारून ठेवून दिलास. मी शेजारीच होते. तुलाही ते कळलं असणार.

तुला सांगायचं नव्हतं, पण सांगते. मी आले होते. सोमवारी. सुदामला म्हटलं मुरबाडला काम आहे. धसईला उतरले, मागच्या वाटेनं बांधावर गेले. सावरीखाली फुलांचा खच पडला होता, निम्मी सुकून काळी झालेली. थवा निघून गेला होता. पाच-सहा भोरड्या मागं राहिल्या होत्या, शेंड्याला उरलेल्या फुलांत तोंड घालत होत्या. मी आले तरी उडाल्या नाहीत. थोडा वेळ बसले.

तिथून अंगण दिसतं. मांडवाचे बांबू भिंतीला लावून ठेवलेले, दारावरचं झेंडूचं तोरण वाळलेलं. तू सुपात तांदूळ घेऊन ओट्यावर बसली होतीस. एकदा मान वर केलीस. मला वाटलं दिसले तुला. पण तू कोंबडीला हाकललंस आणि पुन्हा निवडायला लागलीस. हाक मारावीशी वाटली. मग वाटलं, मारली आणि तू दचकलीस तर? माझ्या बहिणीनं मला बघून दचकावं, हे मला बघायचं नव्हतं. तशीच परत फिरले.

गाडीत बसून विचार करत होते. सकुबाई म्हणाली, पाहुणे वाशिंदचे, मोठं घर, मुलगा कंपनीत चांगल्या जागेवर. संदेश नाव ना त्याचं? म्हणजे त्यांना दाखवायला माझी लाज वाटली. बांना निदान राग होता. तो तोंडावर होता. तू तर हसत-बोलत राहिलीस आणि पाठीमागं दार लावून घेतलंस.

एक मात्र विनंती. मला कळलंय हे वैष्णवीला सांगू नको. तिला तू दिपिकाच्या तापाचंच सांगितलं असशील. बिचारी स्टेजवर बसून मला शोधत असेल. माझ्या लग्नाआधी तू टीबीनं आजारी होतीस तेव्हा दोन वर्षं ती माझ्याच कुशीत झोपलेली. कॉलेजला असताना बस चुकली की घरी न जाता सरळ वाडीत यायची, "मावशी, भूक लागलीय" म्हणत चुलीशी बसायची. सुदामनं तिच्यासाठी पावसात नदीच्या खेकड्यांचं कालवण केलेलं तिला आवडायचं. या तुझ्या-माझ्यातल्या गोष्टीचा तिला त्रास नको. ऐन लग्नाच्या तोंडावर पोरीला वाटायला नको, मावशी रागावली.

तुझ्यावरचा राग मी तुझ्यापुरताच ठेवीन.

चंदा


९ मार्च

ताई,

हे पत्र पोस्टानं पाठवते. सकुबाई आता नको. कुणीच नको मध्ये.

काल शहापूरच्या बाजारात बसले होते, साड्यांच्या दुकानांच्या रांगेत, वडाखाली. शेवगा आणि वालाच्या शेंगा होत्या. दुकानातून दोघी-तिघी बायका पिशव्या घेऊन बाहेर आल्या. त्यातली एक पोक्त बाई माझ्याकडं वळली. चांगली वाटली, हसऱ्या तोंडाची. "ताज्या आहेत का शेंगा?" म्हणून खाली बसली. मी मान वर केली तर तिच्या मागं वैष्णवी.

मला किती आनंद झाला, काय सांगू! उठलेच मी. "वैष्णवी! अगो केवढी बारीक झालीस!"

तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं उन्हानं.

त्या बाईनं विचारलं, "ओळखतेस का गं यांना?"

आणि वैष्णवी म्हणाली, "हो, आमच्या गावाकडच्या बाई आहेत. कधी कधी भाजी घेऊन येतात आमच्याकडं."

ताई, ती घाबरून म्हणाली असेल. पण अडखळली नाही. वाक्य तयार असल्यासारखं आलं तोंडातून.

ती बाई माझ्याकडं बघत होती, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी काय बोलले असेन? मी म्हटलं, "हो. हिच्या आईची आणि माझी जुनी ओळख." आणि शेंगा तिच्या पिशवीत भरल्या, मापाच्या वर दोन मुठी. वैष्णवी दुकानाच्या आरशात बघत उभी राहिली. जाताना ती बाई म्हणाली, "येते हं." वैष्णवी आधीच पुढं निघाली होती.

त्यानंतर मला विकणं जमेना. शेजारच्या पंढरीला पाटी सांभाळायला सांगितली आणि स्टँडच्या नळावर जाऊन तोंड धुतलं.

मी वाडीत पोचायच्या आत तिचा फोन आला. रडत होती. "मावशी, सॉरी. मी तसं बोलायला नको होतं. पण सासूबाई एकदम समोर होत्या, मला सुचलंच नाही."

मी म्हटलं, "तुझी चूक नाय बाळा. तुझ्या आईनं हे सगळं करून ठेवलंय, तू तरी काय करशील."

तिचं रडणं थांबलं. मग म्हणाली, "आईनं नाही केलं, मावशी. मीच तिला सांगितलं होतं तुला बोलवू नको म्हणून. ती ऐकत नव्हती. म्हणत होती, चंदाशिवाय साखरपुडा कसा करू. दोन दिवस जेवली नाही. मग मीच म्हटलं, भोरड्या आल्या की मावशी आपणहून येते, तर तिला सांग अजून आल्या नाहीत."

मी विचारलं, "हे तुला सुचलं?"

"हो. लग्न होऊ दे एकदा मावशी, मग मी संदेशला सगळं नीट सांगेन. तू समजून घेशील ना?"

मी फोन बंद केला.

ताई, तिला खांद्यावर घेऊन पहिल्यांदा भोरडी मी दाखवली. काळं डोकं, काळे पंख आणि मध्ये गुलाबी, हे तिला माझ्या बोटानं दाखवलेलं. तिनं त्यातलंच उचललं आणि मला घराबाहेर ठेवायला वापरलं.

आणि तू मला माझा राग तुझ्यावर काढू दिलास. मागच्या पत्रात मी वैष्णवीची बाजू घेऊन लिहीत होते आणि तू ते वाचत होतीस. तेव्हा तुला काय वाटलं? माझी कीव आली?

चंदा


१८ मार्च

ताई,

शिमगा झाला आणि तू आलीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात. समोर असताना मला बोलता आलं नाही, म्हणून हे लिहितेय.

चढण चढून तुला धाप लागली होती. मी पाणी दिलं. तू घराकडं बघत होतीस. सारवलेली जमीन, दिपिकाचं दप्तर, भिंतीवरचे सुदामच्या आईनं काढलेले पांढरे हात. "चांगलं ठेवलंयस गो," म्हणालीस. मला राग आला आणि बरंही वाटलं. असं दोन्ही एकदम कसं होतं माणसाला?

तू म्हणालीस, "पोर रडली गो माझ्याजवळ. म्हनाली, हे मोडलं तर मी काय करू. मी काय करनार व्हते? तुझा राग माझ्यावरच राहू दे म्हटलं. पोरीवर नको. ती तुझी पन हाय."

मी विचारलं, "पाहुण्यांनी काय विचारलं व्हतं का माझ्याबद्दल?"

तू खाली बघितलंस.

"सांग ना ताई. मुलीची मावशी कुठं दिलीय, कुणाला दिलीय, असं विचारलं व्हतं का?"

"नाय," तू म्हणालीस. "कोनी काय विचारलं नाय. आमालाच भ्या वाटलं."

हे ऐकून मला काय झालं, ते तुला दिसलं नसेल. मी चुलीकडं वळले होते. त्यांनी विचारलं असतं, अट घातली असती, तर मी त्यांच्या नावानं बोटं मोडली असती आणि तुमच्यासाठी झाकून राहिलेही असते. पण कुणी मागितलंच नव्हतं, ताई. न मागता तुम्ही मला देऊन टाकलंत.

मग तू म्हणालीस, लग्नाला ये. हळदीला ये, गावच्या बायकांत बस, पोरीला डोळे भरून बघ. "फक्त सुदामला तेवढा एक दिवस घरी राहू दे. आनि दिपिकाला सांग, तिथं वैष्णवीला ताई नको म्हनू."

सुदाम बाहेर बांबूच्या कामट्या तासत होता. कोयत्याचा आवाज थांबला, तेवढ्यावरून मी ओळखलं की त्यानं ऐकलं. थोड्या वेळानं तो आत आला, कोरा चहा तुझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, "ताई, ऊन उतरू दे. मंग मी तुमाला रस्त्यापर्यंत सोडतो." आणि सोडलं त्यानं तुला. वाटेत काय बोललात ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "तू जा गो. माझं काय, मी राहीन घरी."

त्याच्यावर मी इतकी ओरडले, की शेजारची सावळी धावत आली. त्याचा काय दोष होता? तुझ्यावर ओरडायचं ते त्याच्यावर ओरडले.

तू चहा पूर्ण प्यायलीस. कप स्वतः विसळून पालथा घातलास. ते मी बघितलं. पण ताई, त्यानं काही फिटत नाही. तू तुझ्या लेकीसाठी केलंस, हे मला कळतं. मीही लेकीची आई आहे.

लग्नाचं काय ते ठरवून कळवते.

चंदा


२४ एप्रिल

ताई,

पत्रिका मिळाली. भाऊजींनी पोस्टानं पाठवली, वर फक्त माझं नाव. बघून ठेवून दिली होती, पण दिपिकाला सापडली. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. वैष्णवीताईच्या लग्नाला हिरवा घागरा, हातभर बांगड्या, आणि वरातीत नाचायचं. सावळीच्या पोरींना सांगून झालं, आमच्या ताईचं लग्न वाशिंदला हॉलमध्ये आहे.

मी दिवस ढकलत होते. मनात येत होतं, सांगावं हिला, लग्न पुढं गेलं. किंवा तारीख होऊन जाऊ द्यावी आणि मग म्हणावं, अगो राहिलंच. तोंडापर्यंत आलं होतं. मग मला तुझा आवाज ऐकू आला, "अजून नाय आल्या." तो तू किती सहज काढला होतास, ते आठवलं. मला तसा आवाज काढायचा नव्हता.

काल सकाळी तिच्या वेण्या घालताना सांगितलं. "दिपिका, लग्नाला मी गेले तर चालेल म्हणतात. बाबांनी यायचं नाय. आणि तू आलीस तर वैष्णवीला ताई म्हणायचं नाय."

"का?"

"बाबा वाडीतले म्हणून. पाहुण्यांना कळेल याची त्यांना भीती वाटते."

मला वाटलं रडेल. मी रिबन बांधत राहिले. मग ती मागं वळली. सहावीतली पोर, पण तोंड एकदम मोठ्या बाईसारखं केलेलं. म्हणाली, "मग तिथं कुनी विचारलं, तू कोनाची, तर मी काय सांगायचं?"

ताई, मी पुष्कळ विचार केला. गावची म्हणून सांग? भाजीवालीची म्हणून सांग? बाजारात मी एकदा ते खोटं माझ्या तोंडानं बोलले. हसून बोलले, वर दोन मुठी शेंगा घातल्या. माझ्या पोरीला मी ते शिकवणार नाही.

आम्ही येत नाही. तिघंही.

वैष्णवीचं वाईट चिंतत नाही मी. तिचा संसार चांगला होवो, सासू मला चांगली वाटली, खरंच. ती दारात आली असती तर मी तिला सरळ घरात घेतलं असतं, आणि मला नाही वाटत तिनं पाणी नाकारलं असतं. पण तसं वागून दाखवायची संधी तुम्ही तिलाही दिली नाहीत.

माझा आशीर्वाद तिला तुझ्या तोंडून देऊ नको. तो मी स्वतः देईन, ती ज्या दिवशी चार माणसांत मला मावशी म्हणून हाक मारेल त्या दिवशी. तोवर तो माझ्याकडंच राहील.

तू मात्र ये. वाट आता तुला माहीत आहे. आलीस की भांडेन मी तुझ्याशी, अजून पोटभर भांडलेच नाही. येशील तेव्हा दिवसाढवळ्या ये, आणि गावात कुणी विचारलं कुठं चाललीस, तर सांगून ये.

तुझी सख्खी बहीण,
चंदा सुदाम